त्रिनिदादमध्ये कोण काय करून पोट भरतं

सोमवार, चग्वानस

त्रिनिदाद म्हटलं की आपल्याकडे लोकांना क्रिकेट आठवतं, फार तर कार्निव्हल. मला ऊस आठवतो. वाळवा तालुक्यात, कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या घरात मी वाढले. ज्या बेटावर हिंदुस्थानातून जहाजं भरभरून माणसं नेली ती उसाच्या कामाला, तिथे आज त्यांच्या पतवंडांचं काय चाललंय हे बघायची फार दिवसांची इच्छा होती. भाचा पॉइंट लिसासच्या एका अमोनियाच्या कारखान्यात इंजिनिअर आहे आणि चग्वानसला राहतो, म्हणून माझ्या यजमानांना आणि मला हे जमलं. तो म्हणाला, "मावशी, समुद्र कुठे पळून जात नाही. आधी लोक कामाला कुठे जातात ते बघू." मार्च 2024. कार्निव्हल उरकला होता, पावसाळा लांब होता, रस्त्याकडेला पोईची झाडं पिवळी झाली होती.

वेळेच्या फरकामुळे पहाटे साडेचारलाच डोळे उघडले. भाच्याने त्याचा फायदा घेतला आणि आम्हाला डबल्सच्या गाडीवर नेलं. डबल्स म्हणजे हळद घातलेल्या पिठाच्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या, त्यांना इथे 'बारा' म्हणतात, आणि त्यांच्यामध्ये रस्सेदार काबुली चणे. वर चिंचेची चटणी, किसलेल्या कैरीचं कुचेला, काकडी आणि तिखट. तिखट किती हवं एवढंच विचारतात, बाकी गाडीवर बोलणं नाही. आमच्यापुढे रांगेत एक पोलीस, दोन नर्सा, हेल्मेट काखेत धरलेले कारखान्याचे कामगार आणि टाय लावलेला एक बँकेतला तरुण होता. सगळे उभ्यानेच खाऊन निघून जात होते.

गाडीवरची बाई मोकळी झाल्यावर बोलली. चणे रात्री भिजत घालायचे, एकच्या सुमाराला उठायचं, पीठ मळायचं, बारा तळून कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या बर्फपेटीत गरम ठेवायचे. साडेचार-पाचला गाडी लागली पाहिजे, कारण पहिल्या पाळीचे लोक तेव्हाच निघतात. नऊ वाजता सगळं संपतं. तिचा नवरा वाढायला असतो, दुपारी तो वेल्डिंगची कामं घेतो, आणि ती आठवड्यातून दोन दिवस लोकांच्या घरच्या पूजेसाठी पुऱ्या-भाजी करून देते. हा पदार्थ 1930च्या दशकात दक्षिणेकडच्या प्रिन्सेस टाउनमध्ये दीन कुटुंबाने विकायला सुरुवात केली, असं इथे सगळे सांगतात. आधी एकच बारा मिळायचा, गिऱ्हाईकं दोन मागायला लागली आणि दोनाचीच रीत पडली. आज या गाड्यांवर देशभरात किती घरं चालत असतील, त्याचा हिशोब कुणी ठेवलेला दिसत नाही. एक डबल्स तेव्हा सहा डॉलरच्या आसपास पडायचा. त्रिनिदादचा डॉलर म्हणजे तेव्हा आपले साधारण बारा रुपये होते. आणि कायद्याने ठरलेली किमान मजुरी त्याच जानेवारीत तासाला 17.50 वरून 20.50 डॉलर झाली होती. गाडीवाल्या बाईला मी हे सांगितलं तर ती हसली. तिच्या मते मजुरीवर कामाला जाण्यापेक्षा स्वतःचं पातेलं बरं.

दुपारी पॉइंट लिसास बाहेरून पाहिलं. आत जायला परवानगी लागते, आणि आम्हाला गरजही नव्हती. कुंपणामागे चिमण्या, गोल टाक्या, पाइपांची जाळी, धक्क्यावर जहाजं. समुद्रातून नैसर्गिक वायू येतो, त्याचा अमोनिया आणि मेथनॉल होतं आणि ते जहाजांनी परदेशी जातं. या दोन्ही मालांच्या निर्यातीत हा चिमुकला देश जगातल्या मोठ्या नावांत मोडतो. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात माणसं मात्र दिसेनात. भाचा म्हणाला, एक संच चालवायला पाळीला मूठभर माणसं पुरतात. दुरुस्तीसाठी संच बंद ठेवतात तेव्हा कंत्राटी फिटर, वेल्डर, मचाण बांधणारे यांची गर्दी होते, आणि काम संपलं की ते सगळे पुन्हा घरी. देशाची बहुतेक निर्यात तेल-वायूतून होते, पण त्या धंद्यात नोकरी करणारे शंभरात पाचाच्या आतबाहेर. गेल्या काही वर्षांत वायूही पूर्वीइतका मिळत नाही, म्हणून काही संच बंदच ठेवलेत. आमच्या गाडीवाल्या बाईचा नवरा वेल्डिंग कुठे करत असेल ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

या औद्योगिक वसाहतीच्या भोवताली पूर्वी ऊस होता. उसाला घालायचं खत बनवणारे कारखाने उभे राहिले आणि ऊसच नाहीसा झाला.

मंगळवार, चेस व्हिलेज, कॅरापिचायमा, वॉटरलू

सकाळी चेस व्हिलेजच्या कुंभारांकडे थांबलो. चाक आता विजेवर फिरतं, भट्टी मात्र लाकडाचीच. दिवाळीच्या आधी काही महिने पणत्यांशिवाय दुसरं काही होत नाही. बाकीच्या वर्षात कुंड्या, पाण्याचे रांजण, जाळीचे दिवे. एका कुंभाराने स्पष्टच सांगितलं की दिवाळी नसती तर हा धंदा त्याच्या आजोबांबरोबरच संपला असता. त्याच्या पणत्या ख्रिस्ती आणि मुसलमान घरांतही लागतात. दिवाळीला इथे राष्ट्रीय सुट्टी असते.

तिथून कॅरापिचायमा. भाच्याच्या घरमालकाच्या ओळखीने एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे गेलो. घरासमोर बांबूवर लाल झेंड्या, अंगणात एक पांढरी जुनी मोटार, पडवीत झोपाळा. त्यांनी बायकोला हाक मारून आमच्यासाठी मॉबी मागवलं, म्हणजे झाडाच्या सालीचं कडसर सरबत. मग मी उसाचं नाव काढलं आणि पुढचे दोन तास त्यांनी दुसरा विषय निघू दिला नाही.

30 मे 1845 रोजी फातेल रझाक नावाचं पहिलं जहाज सव्वादोनशे माणसं घेऊन इथे लागलं. तेव्हापासून 1917 पर्यंत सुमारे 1 लाख 44 हजार लोक हिंदुस्थानातून आणले गेले. बहुतेक कलकत्त्याच्या बंदरातून निघालेले, भोजपुरी मुलखातले, थोडे मद्रासकडचे. पाच वर्षांचा करार, मळ्यावरच्या लांबलचक चाळीत एकेक खोली, मळा सोडून जायचं तर चिठ्ठी लागायची. हे गृहस्थ त्यानंतरच्या चौथ्या पिढीतले. पोरवयात वडिलांची न्याहारी डोक्यावर घेऊन शेतात जायचे, पुढे स्वतः तोडणीला लागले, नंतर ब्रेचिन कॅसलच्या साखर कारखान्यात. हंगाम जानेवारी ते मे. तोडणीच्या आधी ऊस पेटवून द्यायचे, पाचट जळून जायचं, विंचू-साप पळायचे आणि मग काळ्या राखेत उतरून कोयत्याने तोडायचं. घरी आल्यावर फक्त डोळे पांढरे दिसायचे, असं त्यांच्या बायकोने आतून सांगितलं.

मी त्यांना आमच्याकडच्या टोळ्यांचं सांगितलं. बीडकडून माणसं बैलगाड्या नाहीतर ट्रॅक्टर घेऊन येतात, मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते, नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, पोरं पाचटाच्या खोपीत राहतात. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे अजून चालू आहे?" त्या प्रश्नावर मला नीट उत्तर देता आलं नाही. त्यांच्याकडे शेवटी शेवटी तोडणी कामगाराला युनियन होती, रजा होती, कंपनीचा दवाखाना होता. आणि नेमकी तेव्हाच कंपनी बंद झाली.

ती गोष्ट अशी. जुन्या इंग्रज कंपनीकडून सरकारने मळे आणि कारखाने घेतले आणि 1975 मध्ये कॅरोनी नावाची सरकारी कंपनी काढली. ती वर्षानुवर्षं तोट्यात चालली. 2003 मध्ये सरकारने ती बंद करून सुमारे नऊ हजार लोकांना एकरकमी पैसे देऊन घरी पाठवलं. शिवाय प्रत्येकाला शेतीसाठी दोन एकर पट्ट्याने आणि घरासाठी एक भूखंड देण्याचं ठरलं. सॅन फर्नांडोजवळचा सेंट मॅडेलिनचा कारखाना आणखी काही वर्षं रखडत चालला आणि त्यानेही दार लावलं. आता या देशात साखरेचा एकही कारखाना नाही. रम मात्र आहे. अँगोस्तुराची रम जगभर जाते, तिला लागणारी मळी बोटीने बाहेरून येते. हे ऐकून मी तीनदा खात्री करून घेतली. आमच्या भागात मळीचा वास नाकात असल्याशिवाय थंडी आल्यासारखं वाटत नाही.

दोन एकरांचं काय झालं? जमीन हातात यायला बऱ्याच जणांना वर्षं लागली. कुठे पाणी नव्हतं, कुठे शेतापर्यंत रस्ता नव्हता, आणि आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या साठीच्या माणसाला आता स्वतः ठरवून भाजीपाला काढायचा होता. काहींनी जमीन दुसऱ्याला कसायला दिली, काहींची अजून गवताखाली आहे. हे गृहस्थ मात्र कसतात. भेंडी, बोडी म्हणजे आपल्या चवळीच्या लांब शेंगा, भोपळा आणि तिथल्या स्वयंपाकात हटकून लागणारी शादो बेनी, म्हणजे उग्र वासाची लांब पानांची कोथिंबीर. आठवड्यातून दोनदा माल घाऊक बाजाराला जातो. मोसमात भेंडीचा भाव इतका पडतो की तोडायची मजुरी निघत नाही. सांगलीच्या यार्डात हेच ऐकायला मिळतं.

अंगणातली पांढरी मोटार दुपारी टॅक्सी होते. इथे परवान्याच्या टॅक्सीच्या पाटीवर एच अक्षर असतं आणि खासगी गाडीच्या पाटीवर पी. खासगी गाडीने भाडं मारणं बेकायदा आहे, तरी गावोगावी हेच चालतं, आणि लोक त्याला सरळ पीएच म्हणतात. पोलीसही कामावर जाताना पीएचने जातात, असं ते गृहस्थ म्हणाले. शेती, मोटार, म्हातारपणाची सरकारी पेन्शन आणि बायकोचं लग्नाकार्याचं रांधणं असे चार धागे एकत्र वळून त्यांचं घर उभं आहे. मुलगी शाळेत शिक्षिका. पगाराची नोकरी घरात तेवढी एकच, आणि तिचा उल्लेख आई-वडिलांनी दोन तासांत बराच वेळा केला.

जेवायला दालपुरी, भोपळ्याची भाजी, वांग्याचा चोखा. जेवायचं पान हळदीच्या पानासारखं रुंद होतं, केळीचं नव्हतं. लग्नांचा मोसम असला की गावातली ताशावाली पोरं शनिवार-रविवार मोकळी सापडत नाहीत, तेही एक उत्पन्न. ताशा आणि मोठे ढोल, गळ्यात अडकवून, वरातीपुढे. आमच्या मंडळींनी तो ऐकला पाहिजे.

संध्याकाळी जवळचं दत्तात्रेयाचं देऊळ पाहिलं, त्याच्यासमोर 85 फूट उंच मारुती. औदुंबर आणि नृसिंहवाडीच्या वाऱ्या केलेल्या माणसाला दत्त इतक्या लांब भेटावा याची गंमत वाटली. ही परंपरा म्हैसूरकडून आलेली आहे, आपल्याकडून नाही. मग वॉटरलूचं समुद्रातलं मंदिर. शिवदास साधू नावाच्या मळ्यातल्या मजुराने किनाऱ्यावर, साखर कंपनीच्या जागेत मंदिर बांधलं. कंपनीने खटला भरला, त्याला तुरुंगात टाकलं, देऊळ पाडलं. समुद्र कुणाच्या मालकीचा नाही म्हणून त्याने सायकलवरून दगड-माती वाहत ओहोटीच्या चिखलात भराव घातला आणि पुन्हा बांधलं. वीस-पंचवीस वर्षं हे चाललं होतं, मळ्यावरचं दिवसभराचं काम संपल्यावर.

बुधवार, ला ब्रिया आणि फायझाबाद

दक्षिणेकडे जाताना वाटेत पॉइंट-आ-पिएरची तेलशुद्धीकरणाची टाकी-नगरी लागते. शंभर वर्षं चाललेली ही रिफायनरी 2018च्या अखेरीस सरकारनेच बंद केली. हजारो लोक घरी बसले, आणि आजूबाजूची खानावळ, लाँड्री, गणवेश शिवणारी दुकानंही. साखर गेली तेव्हा भारतीय वस्तीची गावं उदास झाली. रिफायनरीने सगळ्यांनाच सारखं पाडलं.

ला ब्रियाचं डांबराचं तळं ही पाहण्याची जागा आहे, पण डोळ्यांना फार काही देत नाही. शंभर एकरांचं करडं, सुरकुतलेलं मैदान, मधे मधे पाण्याची डबकी. मजा पायाखाली आहे, कुठे घट्ट, कुठे पाऊल हळूहळू रुतायला लागतं. म्हणून वाटाड्या घ्यावाच लागतो. 1595 मध्ये वॉल्टर रॅलेने आपल्या जहाजांच्या फटी इथल्या डांबराने बुजवल्या. पुढे ते जगभरच्या रस्त्यांवर गेलं. खणायचं काम एके काळी कुदळीने व्हायचं, आता यंत्राने होतं. खणलेला खड्डा काही दिवसांत आपोआप भरून येतो. डांबर आतून सरकत राहतं, आणि गावातली घरं त्याबरोबर कलतात. जगाला डांबर पुरवणाऱ्या या गावातल्या रस्त्यांवर आमच्या गाडीला जे हादरे बसले, त्यावर आमचा वाटाड्याच सगळ्यात जास्त हसला.

तोही पूर्वी एका तेल कंपनीच्या कंत्राटदाराकडे होता. आता सकाळी परदेशी माणसं, दुपारी मासेमारी, आणि काम निघालं तर सरकारी रोजगार योजनेचे दहा दिवस. ही योजना इथल्या बोलण्यात सारखी यायची. गटार साफ करणं, पदपथ बांधणं अशी कामं पंधरवड्याच्या तुकड्यांत वाटली जायची, आणि आपल्या भागातला नेता कुठल्या पक्षाचा यावर नाव लागतं की नाही ते ठरायचं, असा सगळ्यांचा समज.

परतताना फायझाबादला मुद्दाम थांबलो. नाव आपल्या अयोध्येजवळच्या फैजाबादवरून, पण गाव तेलाचं. 19 जून 1937 रोजी पोलीस तेलकामगारांचा पुढारी युराया बटलर याला सभेतच पकडायला गेले आणि दंगल पेटली. चार्ली किंग नावाचा पोलीस जमावाने जाळून मारला. चौकाला अजून त्याचंच नाव आहे आणि पुतळा बटलरचा आहे. 19 जून आता कामगारदिनाची सुट्टी. त्यानंतर तेलकामगारांची युनियन उभी राहिली तिचा पहिला अध्यक्ष वकील एड्रियन कोला रिएन्झी. त्याचं जन्माचं नाव कृष्ण देवनारायण. तेलावर बहुतेक आफ्रिकी वंशाचे कामगार, उसात बहुतेक भारतीय, आणि हा माणूस एकाच वेळी दोन्हींच्या युनियनचा अध्यक्ष होता. हा दुवा पुढे टिकला नाही. आज मतदान बऱ्याच अंशी वंशावर होतं, हे भाच्याने गाडीत काचा वर करून सांगितलं.

गुरुवार, पोर्ट ऑफ स्पेन

मॅक्सीने गेलो. मॅक्सी म्हणजे आपली वडाप, फक्त पांढरी, स्वच्छ आणि अंगावर रंगीत पट्टा ओढलेली. हिरवा पट्टा चग्वानस-सॅन फर्नांडोकडे, लाल पूर्वेला अरिमाकडे, पिवळा राजधानीच्या पश्चिमेला. रेल्वे 1968 मध्येच बंद झाली. जुनं स्टेशन आता मॅक्सींचा तळ आहे आणि जुन्या रुळांच्या वाटेवरून लाल पट्ट्याच्या गाड्या धावतात. चालक बहुधा मालक नसतो. मालकाला रोजचं ठरलेलं द्यायचं, डिझेल आपलं, उरेल ते आपलं.

हमरस्त्याच्या कडेला भडक जाकिटं घातलेल्या बायका गवत कापायचं मोटारीचं यंत्र खांद्याला लावून कामाला लागल्या होत्या. हे सेपेपचे लोक, 2002 मध्ये सुरू झालेली स्वच्छतेची सरकारी योजना. भल्या सकाळी येतात, ऊन चढायच्या आत निघतात. एक बाई पाणी प्यायला थांबली होती. सकाळी हे काम, दुपारी घरी शिवणकाम, म्हणाली. लोक टीका करतात की अर्ध्या दिवसाचं काम आणि पूर्ण पगार. पण एकट्या आईला मुलं शाळेतून यायच्या आत घरी पोचवणारं दुसरं काम मला या देशात दिसलं नाही. 2025च्या मध्यात नव्या सरकारने ही कंत्राटंच रद्द केली आणि हजारोंची कामं गेली, ही बातमी वाचली तेव्हा ती बाई डोळ्यापुढे आली.

शार्लट स्ट्रीटवर पदपथ दिसत नाही, नुसते फेरीवाले. फ्रेडरिक स्ट्रीटवरची कापडाची मोठी दुकानं बरीचशी सीरियन-लेबनानी घराण्यांची. त्यांचे आजे-पणजे पाठीवर गाठोडं घेऊन मळ्यामळ्यांतून कापड विकत फिरले. किराणा चिन्यांचा. सरकारी कचेऱ्यांत मात्र सगळे. सरकार हाच इथला सगळ्यात मोठा मालक आहे.

कार्निव्हलचं सामान करणाऱ्या एका जागी गेलो, तिथे शुकशुकाट. तारा वाकवून पंखांचे सांगाडे करणारा एक वयस्क कारागीर सामान आवरत होता. ऑगस्ट-सप्टेंबरपासून काम चढतं, जानेवारीत झोप मिळत नाही, कार्निव्हल संपला की दुसऱ्या दिवशी, राखेच्या बुधवारी, सगळं बंद. त्याच्या तरुणपणी पोशाख इथेच पहिल्यापासून शेवटपर्यंत व्हायचे. आता मणी आणि पिसांचे तयार पोशाख चीनमधून येतात आणि इथे जुळवणी होते. उरलेल्या महिन्यांत तो घरांच्या खिडक्यांना लोखंडी जाळ्या बसवतो. चोऱ्यांमुळे त्या धंद्याला मंदी नाही.

स्टीलपॅन लावणाऱ्याचं काम पाहायला मिळालं हे नशीब. तेलाच्या 55 गॅलनच्या पिंपाचा तळ हातोडीने ठोकून खोलगट करायचा, एकेक सुराची जागा आखायची, तापवायचा आणि मग कान लावून ठोकत ठोकत सूर आणायचा. सूर लावणारा हात चुकला तर अख्खं पिंप वाया. असे चांगले हात मोजके, म्हणून ते अमेरिका-युरोपातही बोलावले जातात. मला आमच्या मिरजेच्या तंतुवाद्यवाल्यांची गल्ली आठवली. तिथेही वाजवणाऱ्याचं नाव होतं आणि बनवणारा मागे राहतो.

क्वीन्स पार्क ओव्हलच्या दाराशी मात्र माझे यजमानच बोलले, बाकी सगळे गप्प. 1971 मध्ये वाडेकरांच्या संघाने इथेच वेस्ट इंडीजला हरवलं. सरदेसाईंचं शतक, एकविशीतल्या गावसकरांची पहिली कसोटी, डावात 65 आणि नाबाद 67, आणि त्याच मैदानावर मालिकेच्या शेवटी 124 आणि 220. दारावरच्या रखवालदाराने गावसकर हे नाव ऐकल्याबरोबर आम्हाला पाच मिनिटं आत सोडलं. रखवालदारी हाही इथला मोठा धंदा. दुकान, शाळा, औषधाचं दुकान, सगळीकडे गणवेशातला माणूस. तासाचा दर बहुधा किमान मजुरीच्या जवळपास.

शुक्रवार, लोपिनो आणि मातुरा

लोपिनोच्या दरीत कोको. शेंग थेट खोडातून फुटते, लाल, पिवळी, शेंदरी. उंचावरची शेंग काठीला लावलेल्या वाकड्या सुऱ्याने काढतात. फोडून आतला पांढरा गर बियांसकट लाकडी खोक्यात आठवडाभर आंबवायचा, मग सरकत्या छपराच्या माळ्यावर वाळवायचा. पाऊस आला की छप्पर ढकलून झाकायचं, ऊन आलं की उघडायचं. पूर्वी बियांवर पाणी शिंपडून अनवाणी नाचत त्यांना चमक आणायचे. आता तो नाच पाहुण्यांसाठी होतो, आम्हीही पाहिला. साखरेआधी आणि साखरेबरोबर कोको हे या देशाचं वैभव होतं. जगाला माहीत असलेली त्रिनितारियो जात इथलीच, अठराव्या शतकात जुनी झाडं मेल्यावर नव्या-जुन्याच्या संकरातून आलेली. पुढे भाव कोसळले, 1928 मध्ये झाडूरोग आला, आणि तेलाचे पगार सुरू झाल्यावर डोंगरात कोण थांबणार? आज मळ्यांत पिकलेल्या केसांचीच माणसं दिसतात. सेंट ऑगस्टीनच्या विद्यापीठाने कोकोच्या हजारो जातींची झाडं जपून ठेवली आहेत आणि शेंगा काढायला माणूस मिळत नाही. 2024 मध्ये जगात कोकोचा भाव कधी नव्हे इतका चढला होता. बागवान म्हणाला, भाव चढला तेव्हा माझ्याकडे झाडंच राहिली नव्हती.

रात्री मातुराच्या किनाऱ्यावर. मार्च ते ऑगस्ट इथे चामडी पाठीची प्रचंड समुद्रकासवं अंडी घालायला येतात. परवाना आणि गावातला वाटाड्या असल्याशिवाय जाता येत नाही. आमच्याबरोबरची बाई पन्नाशीची. तिने सांगितलं की लहानपणी तिच्या घरी कासव शिजायचं, किनाऱ्यावर कापलेली कासवं पडलेली असायची. 1990 मध्ये गावकऱ्यांनी नेचर सीकर्स ही संस्था काढून राखण सुरू केली. आता कासवांना खुणेचे टॅग लावणं, मोजणं, पाहुण्यांना नेणं हे काम आहे, पण अर्ध्या वर्षाचं. बाकीचं अर्धं वर्ष ती शाळेच्या स्वयंपाकघरात. लाल बॅटरीच्या उजेडात कासव मागच्या पायांनी खड्डा खणत होतं. वाटाड्या बाई कुजबुजत आकडे सांगत होती आणि तिची मुलगी वहीत लिहीत होती. दोन वाजले, मुलीला दुसऱ्या दिवशी क्लास होता.

शनिवार, ऑरेंज व्हॅली

झोप अपुरी, तरी सकाळी मासळीच्या धक्क्यावर. किंगफिश, कॅराइट, कोळंबी. होड्या पिरोग, लांब निमुळत्या, बाहेरून मोटार. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपवासाचा काळ, चालू असल्याने मासळीला भाव होता. मासे साफ करणारे वेगळे, त्यांना होडीशी देणंघेणं नाही. सुरा आपला, पाट आपला, पौंडावर दर. त्यांतले दोघे व्हेनेझुएलाचे निघाले. 2019 मध्ये सरकारने साडेसोळा हजार व्हेनेझुएलन लोकांची नोंदणी करून कामाची परवानगी दिली. त्यातला एक तिकडे शाळामास्तर होता. दिवसा मासे कापतो, संध्याकाळी बांधकामावर. मालक खूश, कारण ही माणसं सोमवारीही कामावर येतात, असं तो माझ्यापुढेच म्हणाला, आणि स्थानिक पोरं हसली.

रविवार, टोबॅगो

बोटीने जायला साडेतीन-चार तास, विमानाने वीस-पंचवीस मिनिटं. आम्ही विमानाने गेलो. टोबॅगोत कारखाने नाहीत. तिथल्या विधानसभेची, म्हणजे बेटाच्या स्थानिक सरकारची, नोकरी किंवा मग पाहुणे. आणि पाहुणे त्या वर्षी घाबरले होते, कारण 7 फेब्रुवारीला बेवारशी बार्ज किनाऱ्याजवळ उलटून तेल पसरलं होतं. आम्ही गेलो तेव्हा नैर्ऋत्येचा किनारा स्वच्छ दिसत होता, तरी काचेच्या तळाच्या बोटीवाला गिऱ्हाइकांची वाट बघत बसला होता. तेल पलीकडच्या बाजूला होतं, पण बातमीत टोबॅगो एवढंच नाव येतं, हे त्याचं दुःख. स्टोअर बेच्या खोपटांतल्या बायकांकडे खेकडा आणि उकडलेले पिठाचे गोळे खाल्ले. नवरे मासे आणतात, बायका विकतात, हिशोब बायकांचा.

बुकूला संध्याकाळी बोकडांच्या शर्यतीचा सराव चालू होता. 1925 पासून ईस्टरच्या मंगळवारी इथे शर्यत होते. बोकडावर बसत नाहीत. दोर धरून जॉकी त्याच्यामागे अनवाणी धावतो. बोकडाला समुद्रात पोहायला लावून दम वाढवतात. जॉकी पंचविशीचा. बोकड त्याचा नाही, मालक वेगळा, जिंकलं तर वाटणी. मी विचारलं, बाकीचं वर्ष? सकाळी हॉटेलात बाग, आठवड्यातून तीन दिवस चुलत्याच्या जाळ्यावर, शनिवारी रात्री साउंड सिस्टिम उचलायला. माझ्या यजमानांनी त्याला बैलगाडा शर्यतीचं सांगितलं, मोबाइलवर दाखवलंही. त्याने तो व्हिडिओ दोनदा पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, गाडीमागे धावणाऱ्या माणसांना पैसे कोण देतं?